बुद्रुक आणि खुर्द

एका नावाची दोन गावं शेजारी-शेजारी वसली, की त्यातल्या एकाला बुद्रुक म्हणायचं आणि दुसऱ्याला खुर्द, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. फारसीतला बुजुर्ग म्हणजे थोरला. आपल्या तोंडात त्याचं बुद्रुक झालं. खुर्द म्हणजे लहान. पुण्याच्या बाजूला गेलं की आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द अशी नावं भेटतात. लांबलांबच्या गावांची नावं जुळली तर देवाचं, नदीचं, कुणा मातब्बराचं नाव शेपटासारखं मागं लावायचं. पुणे जिल्ह्यातलं शिरूर घोडनदीचं, बीडकडचं शिरूर कासार, लातूरकडं तर शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद अशी दोन. लग्नपत्रिकेवर हे शेपूट छापायचं राहिलं, तर वऱ्हाड भलत्याच मांडवात उतरायचं.

माणसांच्या नावांचंही गाव असंच निभावून नेतं. आमच्याकडं आजोबा गेले की पुढं होणाऱ्या नातवाला त्यांचं नाव ठेवायचं. दोन्ही मुलांना मुलगे झाले, की एकाच आजोबाचे दोन नातू एकाच नावाचे. त्यात आमचा मुलूख सिद्धनाथाचा. घरटी एक नाथा नाहीतर सिदू असायचाच. बरं, सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही त्या वेळची रीत. मग पोटच्या पोराला तरी त्या नावानं हाक कशी मारायची? म्हणून ती त्याला आबा म्हणायची, बापू म्हणायची, नाना म्हणायची. पाळण्यात आत्यानं कानात सांगितलेलं नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं आणि गावाच्या तोंडातलं तिसरं.

तरीही चार नाथा उरलेच. थोरला नाथा, मळ्यातला नाथा, गिरणीवाला नाथा आणि मुंबईचा नाथा. शेवटचा मुंबईहून परत येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी मुंबईचाच राहिला. गिरणगावातून मनिऑर्डरी यायच्या त्या काळात आमच्या पोस्टमनचं डोकं हाच पत्ता होता. फॉर्मवरचं नाव तो वाचायचा आणि पारावर बसलेल्यांना विचारायचा, "परळवरनं आलीया. कुणाचं पोरगं परळात हाय रं?" पैसे बरोबर त्याच म्हातारीच्या हातात पडायचे. तलाठ्याच्या दप्तरातही तसंच. आठ-अ च्या उताऱ्यावर एका नावाचे दोघे असले, तरी त्यांचे खाते नंबर वेगळे, बापाचं नाव वेगळं, गट वेगळे. नाव एक म्हणून कुणाचा बांध कुणाच्या रानात शिरत नाही. शिरला तर तो लबाडीनं शिरतो. नावाकडं त्याचा दोष जात नाही.

लिहिणाऱ्या माणसाची पंचाईत इथंच सुरू होते. छापलेल्या पानावर आळी नसते, मळा नसतो, पोस्टमन नसतो. वर मथळा, त्याखाली नाव आणि मग मजकूर. वाचणारा नागपूरचा असेल, पणजीचा असेल. त्याला तुमची आळी कशी कळावी? त्यातून दोघेही एकाच धाटणीचं लिहिणारे असले, दोघांच्याही लिखाणात तेच जातं, तीच मोट, तोच दुष्काळ आणि तीच आई असली, तर मग संपलंच.

मला हे ठाऊक आहे, कारण माझ्या नावाचे आणखी एक लेखक आहेत. त्यांचं गाव भीमेच्या काठचं, माझं माणच्या खोऱ्यातलं. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे आणि माझ्या कितीतरी आधीपासून लिहिणारे. आडनाव तेच, नाव तेच, फक्त मधलं बापाचं नाव निराळं. आणि आम्ही दोघंही ते मधलं नाव लावत नव्हतो. आमच्या गोंधळाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्या ऐकून लोक हसतात, मीही हसतो. पण त्यांतल्या दोन-तीन अशा आहेत, की हसून झाल्यावर माणूस गप्प बसतो. नावाचा गोंधळ ही गंमत वाटते. तिच्या तळाला मात्र एक प्रश्न आहे. दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्या दारात आलं, तर आपलं कर्तव्य काय?

चांगलं काही आलं, तर उत्तर सोपं आहे. एका दिवाळी अंकाकडून पाचशे रुपयांचा चेक आला. त्या वर्षी मी कुठल्याच दिवाळी अंकात काही लिहिलं नव्हतं. चेक त्यांचा. नावात काना-मात्रेचाही फरक नाही; माझ्या खात्यावर बिनबोभाट जमा झाला असता. मी तो रजिस्टर पोस्टानं त्यांना पाठवून दिला. घरात चर्चा झालीच. बायको म्हणाली, "पाचशेत आपला खरेपणा टिकतोय, पाच लाखांचा आला तर मला सांगा." ती चेष्टेनं बोलली, पण बोलली ते वजनाचं होतं. पैशाला आकडा असतो, म्हणून परत करताना आपण काय परत करतो ते कळतं. कौतुकाला आकडा नसतो.

एकदा मंगळवेढ्याच्या बाजूचे एक वयस्क गृहस्थ एसटीनं आले. स्टँडवरून विचारत विचारत घरी पोचले. पिशवीत घरच्या ज्वारीचं पीठ आणि दहा-बारा पेरू. पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधीच म्हणाले, "आईवर जे लिवलंय तुमी, त्ये मी माझ्या सुनंला मोठ्यानं वाचाय लावलं. आमची म्हातारी गेल्यावर रडलो न्हवतो, त्या दिवशी रडलो." तो लेख त्यांचा. मी वाचलेला होता आणि मलाही तो लागला होता. मी सांगितलं, "दादा, तो लेख माझा न्हाई. ते भीमेकाठचे. नाव तेवढं सारखं." गृहस्थ माझ्याकडं बघत राहिले. एवढ्या लांब येऊन भलत्याच दारात बसलो, हे त्यांच्या तोंडावर उमटलं. मग जरा वेळानं विचारलं, "मग तुमी काय लिवलंय?" मी दोन-चार लेखांची नावं सांगितली. त्यांनी एकही वाचला नव्हता. उठताना पिशवी उचलायला लागले, मग थांबून म्हणाले, "पीठ त्यास्नी न्यायचं म्हणतोय. पेरू ऱ्हाऊ द्या तुमास्नी."

पिठाची आणि पेरूंची ही वाटणी मला फार न्यायाची वाटली. पेरू आल्यागेल्याला द्यायची वस्तू. पीठ ज्याच्यासाठी दळलं त्याचं. त्या माणसानं ओळखलं होतं, की आपण आणलंय ते नावासाठी आणलेलं नाही. आपण रडलो, ते ज्यानं रडवलं त्याच्यासाठी हे आहे. मी तिथं नुसतं हसून मान डोलावली असती, तर खोटा शब्दही बोलावा लागला नसता. गप्प राहून चोरी करता येते, ही सोय फक्त सारख्या नावाच्या माणसाला आहे.

प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटातला सालोमालो आपल्या पिढीनं पाहिलेला आहे. तुकोबांचे अभंग तो आपलेच म्हणून सांगतो. त्याला निदान तोंड उघडून बढाई मारावी लागते. आमच्यासारख्यांना तेवढेही कष्ट नाहीत. वाचक स्वतः चालत येऊन दुसऱ्याचा अभंग आपल्या पदरात टाकतो. आपण फक्त पदर आवरायचा नाही, एवढंच. म्हणून ज्याचं नाव दुसऱ्याशी जुळतं, त्याला गप्प राहण्याची मोकळीक इतरांपेक्षा कमी असली पाहिजे, असं मला वाटतं.

दोष आला, की गोष्ट अवघड होते.

त्या लेखकांनी एका वर्षी जत्रेतल्या बोकडांवर लिहिलं. नवसाच्या नावाखाली कर्ज काढून बोकड कापायचं आणि पुढं वर्षभर त्या कर्जाचं व्याज फेडत बसायचं, याच्यावर त्यांनी कोरडे ओढले होते. कुठल्या गावाचं नाव नव्हतं. पण पेपरात आलं, खाली नाव माझं दिसलं आणि आमची जत्रा पंधरा दिवसांवर आलेली. पारावर मला गाठलं. जत्रेचे पुढारी, भावकीतले, शाळेतले सोबती. एकजण म्हणाला, "देवाच्या परड्यात हात घालाय लागला व्हय रं आता? गावचं खाऊन गावाला शिकिवतो?"

माझ्याकडं खरं आणि सोपं उत्तर होतं. तो मी नव्हे. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आलं 1962 साली. त्यात एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी लोकांना फसवतो आणि कोर्टात उभा राहून तोच तो नव्हे म्हणतो. ते धडधडीत खोटं. माझं उलटं होतं: माणसं दोन, नाव एक, आणि 'तो मी नव्हे' हे अगदी पुराव्यानिशी खरं. मधलं नाव दाखवायचं, त्यांचा पत्ता दाखवायचा, मोकळं व्हायचं. जत्रेत मानाचा नारळही चुकला नसता.

पण त्या लेखात जे होतं, ते मला पटत होतं. माझ्या चुलत्यानं असंच बोकड कापलेलं आणि त्यापायी म्हैस विकलेली मी डोळ्यांनी बघितली होती. मी नुसतं 'तो मी नव्हे' म्हटलं असतं, तर पारावरच्या लोकांनी त्याचा अर्थ काय घेतला असता? हा आपल्या बाजूचा, लिहिणारा दुसराच कुणी आगाऊ. शब्द खरा, पण त्यातून पोचणारी गोष्ट खोटी. खऱ्याचा असा वापर करता येतो. म्हणून मी दोन्ही सांगितलं. "लिवलं मी न्हाई. भीमेकाठच्या माझ्या नावाच्या माणसानं लिवलंय. पर लिवलंय त्ये खरं हाय."

त्याचा उपयोग काही झाला नाही. त्या वर्षी मला जत्रेच्या बैठकीला बोलावलं नाही, पुढं दोन वर्षं बोलावलं नाही. बोकडं ठरल्याप्रमाणं कापली गेली. भावकीतले दोघं अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. कुणी म्हणेल, न लिहिलेल्या लेखाची शिक्षा कशाला भोगायची? मला ते तसं वाटत नाही. लिहिण्याचं श्रेय त्यांचं होतं, ते मी घेतलं नाही. मताचा भार दोघांचा होता, त्यातला माझा वाटा मी उचलला. कौतुक परत करताना हात झटकणं पुरतं. दोष परत करताना आधी तपासावं लागतं, की यातलं आपलं काही आहे का. सगळाच दोष दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवून द्यायला सारख्या नावासारखी सोय नाही, आणि ती सोय जितकी खरी तितकी मोहाची.

मग नावाचं करायचं काय? कुणी बदलायचं? साधा न्याय असा, की जो आधी आला त्याचं नाव आधीचं. मागून येणाऱ्यानं शेपूट लावावं. जुनी वस्ती बुद्रुक, नवी खुर्द. पण गावांचंही पुष्कळदा उलटं होतं. रस्ता, बाजार खुर्दाच्या बाजूनं गेला की खुर्द फुगतं आणि बुद्रुक मागं राहतं. पाटीवर मात्र थोरलेपण तसंच. लेखकांत थोरलं कोण हे कशावर ठरवायचं? वयावर, पुस्तकांवर, की खपावर?

याची एक गोष्ट साता समुद्रापलीकडची आहे. इंग्लंडचे विन्स्टन चर्चिल, पुढं पंतप्रधान झालेले, तरुणपणी लेखक होते आणि कादंबरीही लिहीत होते. त्याच वेळी अमेरिकेत विन्स्टन चर्चिल याच नावाचे एक कादंबरीकार होते, त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे आणि तेव्हा तरी पुष्कळच जास्त खपणारे. 1899 साली इंग्लंडच्या चर्चिलनी अमेरिकेच्या चर्चिलना पत्र लिहून कळवलं, की गोंधळ टाळण्यासाठी मी यापुढं माझ्या पुस्तकांवर विन्स्टन स्पेन्सर चर्चिल असं लिहीन. अमेरिकेचे म्हणाले, की मला मधलं नाव असतं तर मीही लावलं असतं. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये दोघांची भेटही झाली. तेव्हा थोरले अमेरिकेचे होते. आज त्या नावाच्या अमेरिकी कादंबरीकाराची आठवण किती जणांना आहे? बुद्रुक आणि खुर्द यांची पुरती उलटापालट झाली. पण ज्यानं शेपूट लावलं, त्याचं त्यामुळं काही कमी झालं नाही. शेपूट लावणं म्हणजे लहान होणं नव्हे, एवढं त्यातून घ्यावं.

आपल्या मराठीत तर ही सोय आयती आहे. आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव. गो. नी., वि. स., ना. सी., द. मा. ही आद्याक्षरं शाळेत पाठ करताना आपल्याला कंटाळा आला असेल, पण त्या एका अक्षरानं माणूस नेमका होतो. काहींनी टोपणनावं घेतली, तर तिथंही जुळ्यासारखी नावं आलीच. कृष्णाजी केशव दामले झाले केशवसुत. प्रल्हाद केशव अत्रे कवितेपुरते झाले केशवकुमार. दोघांच्या वडिलांचं नाव केशव, दोन्ही टोपणनावांचा अर्थ केशवाचा मुलगा. पण 1925 साली 'झेंडूची फुले' आल्यावर कुणाला शंका राहिली नाही, की हा केशवाचा मुलगा विडंबन करणारा आहे आणि तो केशवाचा मुलगा तुतारी फुंकणारा. विदर्भात 'बी' होते, नारायण मुरलीधर गुप्ते. मराठवाड्यात परभणीचे 'बी. रघुनाथ' होते, भगवान रघुनाथ कुलकर्णी. दोघेही कवी. एका शब्दानं दोघांची वाट वेगळी झाली.

आणि दोन बहिणाबाई. एक सतराव्या शतकातल्या, देवगावच्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. ब्राह्मणाच्या बाईनं कुणब्याला गुरू केलं म्हणून त्यांनी घरात मार खाल्ला, आणि तरी अभंगातून स्वतःची कहाणी सांगितली. दुसऱ्या जळगावजवळच्या आसोद्याच्या, 1880 साली जन्मलेल्या, शेतात राबणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरी. त्या जात्यावर, शेतात गाणी रचत गेल्या, घरच्यांनी ती टिपून ठेवली. 1951 मध्ये त्या गेल्या आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी पुस्तकरूपानं आली. दोघीही बायका, दोघीही मराठी रचणाऱ्या, दोघींचं नाव एक. तरी कुणी एकीचं दुसरीला दिलं नाही. एकीच्या शब्दाला वारीची चाल, दुसरीच्या शब्दाला खानदेशच्या मातीची बोली. दळणारणीचा आवाज ओळखायला तिचं नाव विचारावं लागत नाही.

इथंवर आलं की वाटतं, मग नावाची काळजीच कशाला? आवाज खरा असला, की झालं. मलाही बरीच वर्षं तसं वाटायचं. पण दोन नाम्यांची हकिगत वाचली आणि तो भरवसा डळमळला. संत नामदेव ज्ञानेश्वरांच्या काळातले. त्यांच्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा झाले. महाभारत मराठी ओवीत लिहिणारे हे मोठे कवी. त्यांनी आपल्या नावामागं 'विष्णुदास' लावून आपली खूण ठेवलेली होती. पण वह्या उतरवून घेणाऱ्यांच्या हातून, टाळ-मृदंगाच्या नादात, गाथांतून दोघांचे अभंग मिसळले. शेवटी नाम्याचंच आहे ना, मग झालं, असं भाविक मनाला वाटलं असेल. आता अभ्यासक बसून वेगळे काढतात. काही निघतात, काही निघत नाहीत. ज्ञानदेवांच्या बाबतीत तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शि. ए. भारदे यांनी 'भारद्वाज' या नावानं लिहून वाद उभा केला, की ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग लिहिणारे हे दोन वेगळे पुरुष आहेत. पुढं ते मत फारसं टिकलं नाही. पण एका नावात दोन माणसं मिसळली असतील का, हा संशयसुद्धा किती खोल जातो बघा.

आता कुणी म्हणेल, संतांना कुठं श्रेय हवं होतं? त्यांनी तर मीपणच टाकलेलं. खरं आहे. पण एवढ्या मोठ्या कवीच्या रचना दुसऱ्याच्या नावाखाली गेल्या, यात नुकसान कुणाचं झालं? विष्णुदास नाम्याला काही वाटायचं कारण नव्हतं. तुटीत गेलो आपण. एक कवी आपल्याला नीट दिसला नाही आणि दुसऱ्याच्या तोंडी त्यानं न म्हटलेलं घातलं गेलं. म्हणून नाव स्वच्छ ठेवणं हे लिहिणाऱ्याच्या मोठेपणासाठी नसतं. ते वाचणाऱ्याचं देणं आहे. गावात रान विकताना चतुःसीमा लिहितात: पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. ती मालकाच्या दिमाखासाठी नसते, घेणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून असते.

म्हणून आता माझ्या लेखांवर मधलं नाव छापलं जातं. मी त्यांना पत्र लिहून कळवलं, की तुम्ही आधीचे, शेपूट मी लावतो. त्यांचं उत्तर आलं, "मीही लावतो. कुणी एकानंच लावलं तर दुसरा बिनशेपटाचा म्हणून मिरवेल." माझा बाप अंगठेबहाद्दर होता. कागदावर त्याच्या नावापुढं अंगठ्याचा ठसा बघायची आम्हाला सवय. त्याचं नाव छापील पानावर माझ्या नावाला चिकटून येतंय, हा यातला फायदा मी आधी हिशेबात धरला नव्हता. आता सरकारी कागदावर आईचंही नाव आलं आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आई लागते. ही पोरं उद्या लिहायला लागली, तर त्यांचे गोंधळ आपोआप कमी होतील, आणि आईचं नाव छापून येईल ते वेगळंच.

तरी मधल्या नावानं सगळं भागत नाही. वाचक आद्याक्षर वाचत नाही, हे छापखान्यापासून पोस्टापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. अजून त्यांची पत्रं मला येतात, माझी त्यांना जातात. दिवाळीच्या आधी आम्ही ती एका पाकिटात घालून एकमेकांना पाठवतो. कधी त्यांच्या पाकिटातून माझ्यावरच्या शिव्याही येतात. समासात त्यांची बारीक टीप असते: 'या तुमच्या. यातल्या दोन माझ्यावरही लागू पडतात, म्हणून उतरवून घेतल्यात.' पारावरची माझी हकिगत त्यांना मी कधी सांगितलेली नाही. पण टीप वाचून वाटतं, त्यांचाही कुठला तरी पार असणार.

गेल्या पाकिटात त्यांनी एक वेगळीच गोष्ट काढली. वय झालंय दोघांचंही. एकजण आधी जाणार. पेपरात दोन ओळी येतील, फोटो नसेल किंवा भलत्याचा असेल, आणि मागं राहणाऱ्याच्या दारात लोक चपला काढून सांत्वनाला येतील. तेवढं निभेल. पण त्यानंतर? एकजण जिवंत आहे तोवर दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाला पहारेकरी आहे. चेक परत गेला नाही तर विचारणारा कुणी आहे, लेख ढापला तर बोलणारा कुणी आहे. तो गेल्यावर त्याचं सगळं लिखाण मागं उरलेल्याच्या नावावर आपसूक चढायला लागेल. सात-आठ वर्षांत कुणाला फरक सांगता येणार नाही. आणि मेलेला माणूस काही परळची मनिऑर्डर मागायला पारावर येत नाही.

म्हणून आम्ही एक ठरवलं आहे. दोघांनीही आपापल्या लेखांची यादी केली, सालासकट, छापून आलं त्या अंकाच्या नावासकट. त्यांची यादी माझ्या पेटीत आहे, माझी त्यांच्या. जो मागं राहील, त्यानं दुसऱ्याची यादी घेऊन जिल्ह्याच्या ग्रंथालयात जायचं आणि कार्डं वेगळी करून घ्यायची. शेवटी एक कलम त्यांनी स्वतःच्या हातानं घातलं आहे: यादीत नसलेला एखादा चांगला लेख सापडला आणि तो कुणाचा हे ठरेना, तर तो जो गेला त्याच्या नावावर टाकायचा.